रक्तदाबावर दोन औषधे कशासाठी?

रक्तदाबासाठी दुसरी गोळी लिहून दिली की रुग्णाचा चेहरा उतरतो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. रोग बळावला असे तो समजतो आणि पुष्कळदा पहिली गोळीही सोडून देतो. हा समज दूर व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते आणि सूक्ष्म धमन्या त्याला किती विरोध करतात, यांवर रक्तदाब ठरतो. यांपैकी एक गोष्ट कमी केली की शरीर दुसरी वाढवून दाब पूर्वपदावर आणू पाहते. औषधाचे खरे भांडण शरीराच्या या सावधपणाशीच असते.

१९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेली एक चाचणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता. हायड्रॅलाझिन धमन्या सैल करते. परंतु दाब उतरताच हृदय धडधडू लागते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात. म्हणून हृदयाचा वेग आवरण्यास रेसर्पिन आणि मीठपाणी बाहेर टाकण्यास हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोड दिली होती. (रेसर्पिन हे आपल्या सर्पगंधेतील द्रव्य. या मुळीचा गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही.) औषध घेणाऱ्या ७३ जणांत गंभीर उपद्रवाचे २ प्रसंग घडले; औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७.

आज औषधे बदलली, तत्त्व तेच आहे. अ‍ॅम्लोडिपिनने धमन्या रुंदावतात, पण शिरा तशाच राहिल्याने पावले सुजतात. टेल्मिसार्टन शिराही सैल करीत असल्याने ती सूज कमी होते. मूत्रल औषधाने शरीरात अँजिओटेन्सिन वाढते. त्याचा परिणामही टेल्मिसार्टन रोखते. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या वर्गातील औषध जोडल्याने दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो, असे २००९ मधील एका व्यापक विश्लेषणात आढळले. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

मात्र शेजाऱ्याची गोळी आपल्या गोळीला जोडू नये. टेल्मिसार्टन गर्भवतीस वर्ज्य आहे. शिवाय संयुक्त गोळीत एकाच घटकाची मात्रा बदलता येत नाही. म्हणून अशक्त वृद्धांना मी आरंभी सुट्या गोळ्याच देतो.