डिस्कवर गेम किती असतो?

डिस्क किंवा कॅसेट विकत घेतली की व्हिडिओ गेम आपल्या ताब्यात आला, ही समजूत बराच काळ खरी होती. निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉम या गेमयंत्रात संपूर्ण गेम कॅसेटमधल्या रॉम चिपवर असे आणि यंत्र तो थेट तिथूनच वाचत असे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत टीव्हीला जोडलेली आठ-बिटी यंत्रे म्हणजे या फॅमिकॉमच्याच नकला. कॅसेट खाचेत बसवायची, बटण दाबायचे, की गेम सुरू. नाही झाला तर कॅसेट काढून फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. त्यातल्या शाबूत कॅसेटी आजही चालतात, कारण त्यांना बाहेरून काहीच लागत नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी आणि प्लेस्टेशन 2 च्या डीव्हीडीही अशाच स्वयंपूर्ण होत्या.

2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन आले आणि डिस्कचे काम बदलले. ब्लू-रे डिस्क वाचण्याचा वेग नव्या गेमला पुरेना, म्हणून गेम आधी यंत्राच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणे सक्तीचे झाले. आता डिस्कवरून गेम एकदा उतरवला जातो. पुढे दर वेळी डिस्क यंत्रात ठेवावी लागते ती गेम विकत घेतल्याचा पुरावा म्हणून. डिस्कवर सगळे असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की डिस्कवर नेमके काय आहे?

डिस्क कारखान्यात छापायला गेमची पक्की प्रत विक्रीच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. प्रत गेली तरी विकसकांचे काम थांबत नाही. चुका सापडत राहतात, त्या दुरुस्त होतात आणि विक्रीच्या दिवशी ती दुरुस्ती इंटरनेटवरून उतरवायला तयार असते. डिस्कवरची आवृत्ती सहसा 1.00 असते. बहुतेक गेममध्ये ती खडबडीत पण शेवटपर्यंत खेळता येण्याजोगी असते. मात्र या सवलतीचा गैरफायदाही घेतला गेला. 2015 च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर 5’ च्या डिस्कवर सुरुवातीचा शिकवणीचा भाग आणि स्केटिंगची मैदाने रचण्याची सोय एवढेच होते. बाकीचा गेम पहिल्या दिवशीच्या अपडेटमध्ये होता आणि ते अपडेट डिस्कवरच्या मजकुरापेक्षा मोठे होते. 2018 च्या ‘स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलॉजी’ या तीन गेमच्या संचातही पुढच्या गेमसाठी डाउनलोड लागत असे.

याहून पुढची पायरी म्हणजे जवळजवळ रिकामी डिस्क. 2022 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर 2’ च्या प्लेस्टेशन 5 डिस्कवर सुमारे 70 एमबी मजकूर होता, 2025 च्या ‘डूम: द डार्क एजेस’ च्या डिस्कवर सुमारे 85 एमबी. प्लेस्टेशन 5 च्या डिस्कवर 100 जीबीपर्यंत मजकूर मावतो. गेम फार मोठे झाले, ही सबब पुरती पटत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ दोन डिस्कवर आला, ‘फायनल फॅन्टसी 7 रीबर्थ’ ही दोन डिस्कवर आला आणि ‘बाल्डर्स गेट 3’ ची एक्सबॉक्स आवृत्ती तर त्याहूनही अधिक डिस्कवर. ज्यांना पूर्ण गेम द्यायचा होता, त्यांनी तो दिला.

गेम डिस्कऐवजी मेमरी कार्डावर येतो, तिथे पैशांची अडचण खरी आहे. डिस्क छापायला स्वस्त पडते; मेमरी कार्ड मात्र जितके मोठे तितके महाग. जून 2025 मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच 2 साठी ‘गेम-की कार्ड’ हा प्रकार निघाला. त्यावर गेम नसतोच, तो उतरवण्याची परवानगी तेवढी असते. पहिल्यांदा इंटरनेट लागते. नंतर कार्ड खाचेत ठेवून इंटरनेटशिवाय खेळता येते. हे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते आणि खोक्यावर पुढच्या बाजूला तशी सूचनाही असते, हे त्यातल्या त्यात बरे. उलट ‘सायबरपंक 2077’ याच यंत्रासाठी 64 जीबीच्या कार्डावर पूर्ण मिळतो. अशा गेम-की कार्डांवर मूळ कृतीच नसल्याने ती आपल्या संग्रहात घेता येणार नाहीत, अशी भूमिका जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाने घेतली.

डिस्कवर सगळे असूनही गेम मरतो, असेही घडते. युबिसॉफ्टचा 2014 चा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्या डिस्क त्या दिवसापासून निरुपयोगी ठरल्या. यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपीय संघात तिच्या मागणीपत्राने 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कंपनीने सेवा बंद केल्यावरही गेम खेळता येण्याजोगा ठेवावा, ही या मोहिमेची मागणी रास्तच आहे.

कधी अडथळा यंत्रातच असतो. प्लेस्टेशन 4 मधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि यंत्र सोनीच्या सर्व्हरशी जोडलेले नसले, तर डिस्कवरचे गेमही सुरू होत नसत. 2021 मध्ये हे उजेडात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने दुरुस्त झाले. एक्सबॉक्स 360 ची डिस्क नव्या एक्सबॉक्समध्ये घातली, तर तिच्यावरचा गेम वाचलाच जात नाही; नव्या यंत्रासाठीची प्रत डाउनलोड करावी लागते. प्लेस्टेशन 5 च्या 2023 च्या मॉडेलला वेगळा मिळणारा डिस्क ड्राइव्ह जोडतानाही एकदा इंटरनेट लागते.

एखाद्या डिस्कची पारख घरीही करता येते. यंत्राचे इंटरनेट बंद करायचे, गेम आधी उतरवलेला असेल तर काढून टाकायचा, डिस्कवरून नव्याने उतरवायचा आणि खेळायला बसायचे. मुख्य पडदा दिसला एवढ्यावर समाधान मानू नये. काही गेम पहिल्या एकदोन टप्प्यांनंतर अडतात. ‘डझ इट प्ले’ हा हौशी मंडळींचा गट अशाच रीतीने गेम तपासून निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवतो. त्यांच्या नोंदींत डाउनलोडशिवाय चालणारे गेमही भरपूर आहेत, म्हणजे स्वयंपूर्ण डिस्क काढणे आजही शक्य आहे. ज्याला गेम वर्षानुवर्षे जपायचा आहे, त्याने पहिल्या दिवशी धाव घेण्यापेक्षा सर्व दुरुस्त्या आणि विस्तारभाग सामावणाऱ्या आवृत्तीची वाट पाहिलेली बरी. मात्र त्या आवृत्तीतही विस्तारभाग डिस्कवर आहेत की खोक्यात नुसता डाउनलोडचा कोड आहे, हे विकत घेण्यापूर्वी खोक्याच्या मागची बारीक अक्षरे वाचून पाहावे.