रोबोटिक्समध्ये एम.टेक. करायचंय? परभणीच्या कापसाच्या शेतातून समजून घ्या

रोबोट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा लोखंडी हात. त्याच्यासमोर येणारा प्रत्येक पत्रा एकाच मापाचा, ठरलेल्या जागी. आता हाच हात परभणीतल्या कापसाच्या शेतात उभा करा.

कापसाची सगळी बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. एकाच झाडावर फुटलेलं बोंड असतं आणि हिरवंही. रोबोटला पानाआडचं फुटलेलं बोंड कॅमेऱ्यातून ओळखायचंय, फांदी न मोडता कापूस काढायचाय आणि त्यात पाचोळाही येऊ द्यायचा नाही. वर बदलतं ऊन, खाली काळी जमीन. पाऊस झाला की चाकं रुतलीच. अमेरिकेत औषध फवारून आधी पानं गाळतात आणि मोठ्या यंत्रानं कापूस काढतात. आपल्याकडे वेचणी अजून हातानंच होते, तीही बहुतेक बायकांच्या.

थोडक्यात, कारखान्यातला प्रश्न बराचसा सुटलाय. शेतातला सुटायचाय.

परभणीत यावर काय झालं?

1972 साली सुरू झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात 'नाहेप' योजनेखाली रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांच्या मदतीनं डिजिटल शेती, असा प्रकल्प राबवला गेला. त्यासाठी जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचा निधी होता.

इथे एक गल्लत हमखास होते. प्रकल्प म्हणजे पदवी नव्हे. परभणीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात एम.टेक. होतं ते कृषी अभियांत्रिकीत. पदवीवरच 'रोबोटिक्स' हवं असेल तर बाहेर पडावं लागतं. उदाहरणार्थ, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'रोबोटिक्स अँड ऑटोनॉमस सिस्टिम्स' या नावाचंच एम.टेक. आहे.

मग गेटचा कोणता पेपर द्यायचा?

गेटमध्ये रोबोटिक्सचा वेगळा पेपर नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, कॉम्प्युटर अशा आपापल्या शाखेचा पेपर देऊनच मुलं इकडे येतात. कृषी अभियांत्रिकीचाही स्वतंत्र पेपर आहे, 'एजी'. पण कुठल्या संस्थेला कोणता पेपर चालतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. वर्षभर अभ्यास करायचा आणि मग कळायचं की आपला पेपर यादीतच नाही, यासारखा मनस्ताप नाही. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी हव्या त्या संस्थेचं माहितीपत्रक वाचाच. ठरलेल्या जोड्यांमधून दोन पेपर देण्याची सोयही आहे. स्कोअर तीन वर्षं चालतो.

पैशांचं काय?

गेटच्या स्कोअरवर पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांना महिन्याला 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. दोन वर्षांचे साधारण 2 लाख 97 हजार. गेट न देता कॉलेजच्या पातळीवरची जागा घेतली, तर हे विद्यावेतन मिळत नाही. आणि वर फी भरावी लागते, ती वेगळीच. घरी कर्जाचा विषय निघण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलेला बरा.

अभ्यास कसा असतो?

गणित भरपूर. रेषीय बीजगणित, संभाव्यता, कंट्रोल सिस्टिम आणि जोडीला प्रोग्रामिंग. मेकॅनिकलवाले बहुतेक वेळा कोडिंगला अडतात, कॉम्प्युटरवाले यंत्राच्या हालचालींच्या गणिताला. पदवीला असतानाच सराव हवा असेल तर आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' स्पर्धेकडे लक्ष ठेवा. तिथे टीम करून एखादा प्रश्न टप्प्याटप्प्यानं सोडवावा लागतो.

एम.टेक.चं दुसरं वर्ष मुख्यतः प्रबंधाचं. विषय कापूस वेचणीचा घेतलात, तर वेळापत्रक कॉलेजचं नाही, पिकाचं चालतं. वेचणी साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. रोबोटला शिकवायला लागणारे बोंडांचे हजारो फोटो त्याच काही आठवड्यांत काढावे लागतात. ते हुकले, तर थेट पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं.