कावेरी समुद्राला मिळते तरी कुठे?

तंजावरचं मोठं देऊळ पाहून झालं की पुष्कळ मराठी प्रवासी पूंपुहारला जातात. चोळांचं प्राचीन बंदर आणि कावेरीचं मुख, म्हणजे तिथलं पात्र केवढं विशाल असेल, या कल्पनेने. दिसतो तो वाळूतून वाट काढत समुद्रात शिरणारा एक अरुंद प्रवाह. सुमारे 800 किलोमीटर वाहत आलेली नदी ती हीच का, असा प्रश्न पडतो आणि उत्तरही तयार असतं: वर कर्नाटकाने पाणी अडवलं, म्हणून नदी आटली.

वरच्या धरणांचा परिणाम आहे, यात शंका नाही. पण पूंपुहारजवळ कावेरी बारीक होते याचं मूळ कारण फार जुनं आहे. तिरुचिरापल्लीच्या वर मुक्कोंबू इथे नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेकडची कोळ्ळिडम, दक्षिणेकडची कावेरी. मधल्या बेटावर श्रीरंगम वसलंय. कोळ्ळिडमची वाट सरळ आणि उताराची. पूर आला की पाणी तिकडेच धावतं. तमिळमध्ये कोळ्ळिडम या शब्दाचा अर्थच सामावून घेणारी जागा असा होतो. महापुराचं पाणी समुद्राला मिळतं ते मुख्यतः याच वाटेने. आणि नाव टिकवून राहिलेली कावेरी पुढे वेण्णार, अरसलार अशा शाखांत आणि हजारो पाटांत वाटली जाते. पूंपुहारला पोचते ती शेतांना देऊन उरलेली नदी. तिथलं अरुंद पात्र पाहून मला तरी वाईट वाटत नाही.

यावरूनच कल्लणैबद्दलचा गैरसमज दूर करता येतो. ‘करिकाल चोळाने दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेलं आणि आजही जसंच्या तसं उभं असलेलं धरण’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. मुळात ते पाणी साठवणारं धरणच नाही. त्याच्या मागे जलाशय नाही. श्रीरंगमच्या बेटाच्या खालच्या टोकाला दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात आणि तिथे कावेरीचा तळ कोळ्ळिडमच्या तळापेक्षा उंच आहे. दोघींच्या मधला काठ फुटला की कावेरीचं पाणी खाली कोळ्ळिडममध्ये घसरणार आणि पुढचा सगळा मुलूख कोरडा पडणार. ती घसरण अडवायची, एवढंच या बांधाचं काम. कल् म्हणजे दगड, अणै म्हणजे बांध. इंग्रजांच्या कागदपत्रांतला ‘अनिकट’ हा शब्दही तमिळ ‘अणैक्कट्टु’वरूनच आला.

बांध करिकालाचा, ही परंपरा जुनी आहे. कावेरीचे काठ त्याने बांधून काढले, असं पुढच्या चोळांच्या ताम्रपटांत येतं. मात्र आज पुलावर उभं राहून जी दारं दिसतात ती त्याच्या काळची नव्हेत. 1804 मध्ये कॅप्टन कॉल्डवेल यांनी बांधाची उंची वाढवली, नंतर त्याला दारं आली, पूल आला. जुनं आहे ते खाली, पाण्याच्या आड: नागमोडी रेषेत वाळूत रुतवलेले ओबडधोबड दगड. आपल्याच वजनाने दगड वाळूत खाली बसले, की वर नवे टाकायचे, असं करत पाया खोल गेला.

आर्थर कॉटन यांचं नाव ‘दक्षिणेत सिंचन आणणारे साहेब’ म्हणून घेतलं जातं. मोठा माणूस, यात वाद नाही. 1830 च्या दशकात कोळ्ळिडम बहुतेक पाणी ओढून घेत होती, कावेरीत गाळ साचत चालला होता. कॉटन यांनी 1836 च्या सुमारास मुक्कोंबूला कोळ्ळिडमवर बांध घातला आणि पाण्याचा तोल परत कावेरीकडे वळवला. पण ज्या वाळूला तळ लागत नाही तिच्यावर पाया कसा धरायचा, हे ते कल्लणैच्या दगडांकडे पाहून शिकले आणि हे ऋण त्यांनी स्वतःच मान्य केलं. तीच विद्या पुढे त्यांनी गोदावरीवर धवळेश्वरमला वापरली. मुक्कोंबूच्या त्या बांधाची काही दारं ऑगस्ट 2018 च्या पुरात वाहून गेली. कोळ्ळिडमने आपली जुनी वाट सोडलेली नाही.

आता आपल्या घरातला गैरसमज. ‘तंजावर शिवाजी महाराजांनी जिंकलं.’ नाही. ते घेतलं त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी, 1675-76 च्या सुमारास, आणि तेही विजापूरचे सरदार म्हणून दक्षिणेत असताना. महाराज दक्षिणेत उतरले 1677 मध्ये. दोघा भावांची भेट कोळ्ळिडमच्या उत्तर काठावर तिरुमळपाडीला झाली. वडिलांच्या जहागिरीच्या वाटणीवर बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. महाराजांनी नदीच्या उत्तरेकडचा मुलूख ताब्यात घेतला, पण खुद्द तंजावर घेतलं नाही. पुराचं पाणी वाहून नेणारी ती कोळ्ळिडम काही काळ भोसल्यांच्या दोन घरांमधली सीमा होती.

तंजावरचं हे मराठी राज्य 1855 पर्यंत चाललं, असंही लिहिलं जातं. त्या साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादीच संपवली, हे खरं. पण कारभार त्यांच्या आधीच्या सरफोजीराजांनी 1799 च्या तहातच कंपनीला देऊन टाकला होता. हाती उरला किल्ला आणि तनखा. त्या उरलेल्या आयुष्यात त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. ग्रंथालयाचा पाया मात्र त्यांच्या आधी नायकांनी घातलेला. 1803 मध्ये त्यांनी मोठ्या देवळाच्या आवारातल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात आपली मराठी वाचताना पाय निघत नाही.

त्याच देवळाची एक दंतकथा गाइड हमखास सांगतात: शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 60 मीटर उंच, पाया एका बाजूने 30 मीटरच्या आसपास. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा टोकाची सावली मध्यापासून 40 मीटरवर, म्हणजे चौथऱ्याबाहेर अंगणात पडते. खरं नवल दुसरंच आहे. गाळाच्या सपाटीवर दगड मिळत नाही, तो बाहेरून आणून 1010 मध्ये हे उभं राहिलं.

पाण्याच्या भांडणाबद्दलही थोडं. ‘कावेरीचा तंटा इंग्रजांनी लावला’ असं म्हणताना 1892 आणि 1924 च्या करारांकडे बोट दाखवतात. पण 1760 च्या दशकातच तंजावरचे मराठे राजे आणि अर्काटचा नवाब कावेरीच्या बांधाची दुरुस्ती कोणी करायची यावरून भांडत होते. दुरुस्ती ज्याच्या हाती, पाणी त्याच्या हाती.

सगळ्यात नुकसान करणारा समज मात्र वेगळा आहे: ‘समुद्राला गेलेलं पाणी वाया गेलं.’ सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये वाटप केलं: एकूण 740 टीएमसीपैकी तमिळनाडूला 404.25, कर्नाटकाला 284.75, केरळला 30, कारैकालसाठी पुदुच्चेरीला 7. उरले 14. त्यातले 10 पर्यावरणासाठी आणि 4 समुद्राला अटळपणे जाणारे. नागपट्टिणमकडच्या शेतकऱ्याला ही बाकी फार थोडी वाटते आणि मलाही. गोडं पाणी समुद्राकडे ढकललं जात राहिलं, तरच जमिनीखालचं खारं पाणी दूर राहतं. नदी मागे हटली आणि वर उपसा वाढला की विहिरी मचूळ होतात. धरणात गाळ अडतो तो वेगळाच, किनाऱ्याला नवी माती मिळत नाही.

पाऊस आहेच की, असं आपल्याला वाटेल, कारण आपला पाऊस जूनमध्ये येतो. इथे निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात, परतीच्या वाऱ्यांबरोबर पडतो. जूनमध्ये नदीच्या उगमाकडे, कोडगूत कोसळणारं पाणी नदीने आणून दिलं, तरच कुरुवै हंगामाचा भात लागतो. म्हणून रिवाजाप्रमाणे 12 जूनला मेट्टूर धरणाची दारं उघडतात. काही दिवसांनी पाणी कल्लणैला पोचलं की लोक त्यात फुलं आणि धान्य सोडतात. पाटाच्या शेपटाकडच्या गावांना तमिळमध्ये कडैमडै म्हणतात. फुलं सोडून झाली तरी तिथला शेतकरी अजून वाट पाहत असतो.