कायदा आहे, हेल्पलाइन आहे. समुपदेशक कुठे आहे?

मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राजधानीत मतभेद नाहीत आणि हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे. ज्या विषयावर भांडण नसते, त्यासाठी अर्थ मंत्रालयाच्या दारात ठिय्या देणाराही कुणी नसतो. संसदेने २०१७ मध्ये मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत केला. सरकारने चालवलेली वा सरकारी पैशावर चालणारी उपचारसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे त्याच्या कलम १८ ने मान्य केले आणि त्यात बालकांसाठीच्या सेवांचा स्वतंत्र उल्लेखही केला. मे २०१८ मध्ये हा कायदा अमलात आला. हक्क कागदावर अवतरला. तो बजावायचा कुठे, हे मात्र शाळकरी मुलाला अद्याप कुणी सांगितलेले नाही.

प्रश्नाचा आवाका सरकारला ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. चिंताविकाराचे प्रमाण ३.६ टक्के होते. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण पूर्ण एकही भरत नाही, एका अंदाजानुसार ते ०.७५ आहे. पुढे ‘एनसीईआरटी’ने सुमारे पावणेचार लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या चिंतेचे मुख्य कारण सांगितले. परीक्षेची धास्ती म्हणजे विकार नव्हे, हे खरे. परंतु भीतीपोटी मूल शाळा टाळू लागते, टाळल्याने क्षणभर सुटका होते आणि त्या सुटकेनेच भीती बळावते, तेव्हा उपदेश कामाचा राहत नाही. भीतीला पायरी-पायरीने सामोरे जायला शिकवणारी उपचारपद्धती वैद्यकशास्त्राला परिचित आहे. त्यासाठी रुग्णालयाची खाट लागत नाही. प्रशिक्षित माणूस आणि त्याचा नियमित वेळ लागतो.

नेमका हा माणूसच सरकारी योजनांतून गायब आहे. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा एक विषय होता. २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ आले, २०२२ मध्ये १४४१६ या क्रमांकाची ‘टेलि-मानस’ सेवा आली. आयुष्मान भारतअंतर्गत २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने तर प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ नेमण्याचे ठरवले. मतदारयाद्या, जनगणना आणि माध्यान्ह भोजन सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या खांद्यावर मुलांच्या मनाचा भारही आला. नवे पद नाही, नवा पगार नाही. योजना मात्र देशव्यापी.

हा मार्ग किती फलदायी, याचा पुरावा योजनेच्या दोन वर्षे आधीच उपलब्ध होता. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी शाळांत एक चाचणी घेतली. तोच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत खास त्यासाठी नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दांडगाई घटली; शिक्षकांनी कार्यक्रम चालवलेल्या शाळांत फरक पडला नाही. चिंताविकार हा त्या चाचणीचा मुख्य विषय नव्हता. तरी तिचा धडा स्पष्ट आहे. जो गुण देतो, शिक्षा करतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करील अशी अपेक्षा धरणे हा भाबडेपणा आहे.

खुद्द दिल्लीतील सहा सरकारी शाळांतही अशीच चाचणी झाली. चार-पाच छोट्या बैठकांत विद्यार्थ्यांना अडचण सोडवण्याची रीत शिकवली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींची तीव्रता घटली. लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र सहा आठवड्यांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे शाळेतला समुपदेशक ही पहिली पायरी आहे; तीव्र विकार असलेल्या मुलासाठी त्याच्या पाठीशी तज्ज्ञ हवाच. तिथेही गोंधळ आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडवणारी एम.फिल. पदवी नव्या शैक्षणिक धोरणाने मोडीत काढली आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाला या शाखेपुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली.

पद का निर्माण होत नाही, याचे उत्तर राज्यघटनेच्या सूचीत आणि मंत्रालयांच्या भिंतींत आहे. सार्वजनिक आरोग्य राज्यांचा विषय, शिक्षण समवर्ती सूचीत. समुपदेशक शाळेत बसणार म्हणून आरोग्य खाते त्याला शिक्षण खात्याचा मानते, काम आरोग्याचे म्हणून शिक्षण खाते तो आरोग्य खात्याकडे ढकलते. कायम पगाराचा बोजा राज्यांवर पडणार असल्याने राज्येही हात आखडता घेतात. हेल्पलाइनचे उद्घाटन करता येते. समुपदेशकाचा पगार दरमहा द्यावा लागतो. शिवाय ज्यांच्यासाठी हा खर्च करायचा, त्यांना मताचा अधिकार नाही.

या कोंडीत न्यायालयाला उतरावे लागले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी. ही तत्त्वे कायदा होईपर्यंत बंधनकारक आहेत. महागड्या खासगी शाळा त्यांचे पालन करू शकतील. सरकारी शाळांसाठी पैसा कोण देणार, याचे उत्तर निकालपत्रात नाही. ते सरकारनेच द्यायचे आहे. त्याची दिशा मात्र फारशी आश्वासक नाही. ‘टेलि-मानस’साठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ९० कोटी रुपयांची तरतूद होती, २०२५-२६ मध्ये ती ७९.६० कोटींवर आली.

त्यामुळे कसोटी आणखी एका योजनेची नाही, एका पदाची आहे. समग्र शिक्षा अभियानात समुपदेशकाच्या वेतनासाठी स्वतंत्र शीर्ष, त्यात केंद्र-राज्यांचा ठरलेला वाटा आणि जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञाकडे पाठवण्याची पक्की व्यवस्था, एवढे तीन निर्णय झाले तर कलम १८ ला अर्थ येईल. ते होत नाहीत तोवर दिल्लीतील एकमत नालंद्यातील मुलाच्या उपयोगाचे नाही.