लाल भोपळ्याचा मसाला केक, घरच्या घरी



दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या कोकणातल्या गावात घराघरांतल्या पडवीत लाल भोपळे येऊन बसतात. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी काशीफळ, विदर्भातल्या मैत्रिणी कोहळं म्हणतात. भाजी झाली, घारगे झाले, शेजारी फाका वाटून झाल्या, तरी माळ्यावर दोन-तीन भोपळे उरतातच. अख्खा भोपळा कोरड्या जागी कित्येक महिने टिकतो, पण एकदा कापला की दोन-चार दिवसांत त्याचा निकाल लावावा लागतो. म्हणून गटाच्या बैठकीत ठरलं, की याचे केक करून बघू.

पहिल्याच प्रयत्नात आम्ही चांगल्याच फसलो. एका शाळेच्या निरोप समारंभासाठी चाळीस छोटे केक करायचे होते. आम्ही भोपळा कच्चाच किसला, पिठात मिसळला आणि गॅस मोठा करून कढईत ठेवला. तळ करपला आणि मध्ये मात्र ओला गिच्च गोळा. मुलांना तसलं काय देणार? घेतलेले चारशे रुपये परत केले. सामान गटाच्या बचतीतून आणलेलं, त्यामुळे झालेला तोटा पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागला. माना खाली घालून बसलो होतो.

तेव्हा आमच्यातल्या थोरल्या काकी म्हणाल्या, "अगो, धोंडसावर निखारे घालतो ना आपण? मग ह्याच्यावर का नाय?"

खरंच की! श्रावणात तवसं किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं घालून आपण धोंडस करतो. टोपाखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. खालून-वरून सारखी धग, हेच तर भट्टीचं काम. केक भाजायला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलोच होतो, फक्त तो केक आहे हे ठाऊक नव्हतं.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो.

पहिली गोष्ट भोपळ्यातलं पाणी. भोपळ्यात बहुतेक पाणीच असतं. कच्चा कीस घातला तर भाजताना ते पाणी सुटतं आणि केक आतून शिजत नाही. म्हणून फोडी सालासकट वाफवायच्या, गर चमच्याने खरवडायचा, स्वच्छ फडक्यात बांधून अर्धा तास टांगून ठेवायचा. चक्क्यासारखाच! किलोभर भोपळ्यातून आमच्या हाती साधारण अर्धा किलो घट्ट गर येतो. निथळलेलं पाणी आमटीत घाला, कणकेत घाला. एक मात्र लक्षात ठेवा : कापल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर तो भोपळा टाकून द्या. त्या कडूपणाने पोट बिघडतं.

दुसरी गोष्ट सामान. वही घ्या, सांगतो. गव्हाचं पीठ २०० ग्रॅम, भोपळ्याचा गर २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १५० ग्रॅम, आंबटसर दही १०० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर. बेकिंग पावडर एक छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. मसाल्याला दालचिनीपूड एक छोटा चमचा, सुंठपूड अर्धा, किसलेलं जायफळ पाव चमचा, चार वेलच्या आणि दोन लवंगा खलबत्त्यात कुटून. भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, आणि तिकडेही दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालूनच त्याचे केक भाजतात. आपल्याकडे तर दालचिनी आणि जायफळ नारळी-पोफळीच्या बागांतच होतात. मसाला ताजा कुटा, महिनाभर उघड्या डब्यात राहिलेल्या पुडीला वास उरत नाही.

सोड्याचं काम समजून घ्या. दह्याच्या आंबटपणाशी सोडा मिळाला की वायू सुटतो, त्याचे बुडबुडे केकला फुगवतात. अधिक फुगेल म्हणून जास्त सोडा घातला तर केक काळपट होतो आणि साबणासारखा लागतो. शिवाय बुडबुडे वाट बघत थांबत नाहीत. म्हणून कढई आधी तापवायची, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं.

गूळ, दही, तेल आणि गर घोटून गूळ विरघळवून घ्या. पीठ, मसाले, सोडा, बेकिंग पावडर, मीठ दोनदा चाळा. मग कोरडं ओल्यात घालून हलक्या हाताने फक्त मिसळा. चपातीच्या कणकेसारखं मळलं, फेटलं तर केक चिवट होतो. पीठ इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट हवं. फारच घट्ट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध.

तिसरी गोष्ट आच. जाड बुडाच्या कढईत किंवा टोपात बोटभर वाळू किंवा जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. तेल-पीठ लावलेला डबा आत ठेवा. वर घट्ट झाकण, शक्य असेल तर झाकणावर करवंटीचे चार निखारे. आच मंद करा. पन्नास मिनिटं ते तास लागतो. पहिली पस्तीस मिनिटं झाकण उघडू नका, गार वारा लागून केक बसतो. ओव्हन असेल तर १८० अंशांवर साधारण पंचेचाळीस मिनिटं. मध्यभागी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं.

मफिन म्हणजे याच पिठाचे छोटे केक. साचा नको, स्टीलच्या छोट्या वाट्यांना तेल लावा आणि पाऊण भागापेक्षा कमीच भरा. कढईत पंचवीस-तीस मिनिटांत होतात. भोपळ्याच्याच बिया धुऊन, वाळवून, सोलून वर लावल्या तर छान दिसतात.

भोपळ्याच्या पिवळ्या रंगातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं, ते डोळ्यांना चांगलं. पण केक हा केकच. गुळाचा असला तरी रक्तातली साखर वाढवतोच. मधुमेह असलेल्या सासूबाईंना "हा गुळाचा आहे, खा बिनधास्त" असं सांगू नका. आणि विकतानाही तसं सांगू नका.

हा केक ओलसर असतो. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा, नाहीतर वाफेचं पाणी होऊन बुरशी धरते. बाहेर दोन दिवस, दमट हवेत एकच. फ्रिजमध्ये चार दिवस. पाकिटावर केल्याची तारीख लिहा. विकायचा विचार असेल तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्या, घरातून विकणाऱ्यांनाही ती लागते.

शेवटी हिशेब. केक जमायला लागल्यावर आम्ही साठ मफिन दहा रुपयांना एक असे विकले. सहाशे रुपये हाती आले, खूश झालो. मग वहीत मांडलं. सामान ३३०, गॅस ४०, पाकिटं आणि रिक्षा ७०. उरले १६०. चौघी चार-चार तास राबलो होतो, म्हणजे सोळा तास. तासाला दहा रुपये! आणि भोपळा तर आम्ही हिशेबात धरलाच नव्हता, "घरचा आहे" म्हणून. वेल कुणी लावला, पाणी कुणी घातलं, मांडव कुणी बांधला? ज्यांच्या परसातला तो होता, त्या वहिनी इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या.

आता आम्ही भोपळा गटातल्या बाईकडूनही बाजारभावाने घेतो, तासांची नोंद ठेवतो आणि मफिन अठरा रुपयांना देतो. काही गिऱ्हाइकं कमी झाली. पण जी राहिली, ती परत येतात. आणि त्या शाळेने या वर्षी पुन्हा चाळीस मफिन मागवले. त्या दिवशी काकींनी प्रत्येक घाण्यातला एक स्वतः मोडून बघितला, मगच डबे बंद केले.

तुमच्या माळ्यावरही एखादा भोपळा असेल. आधी घरच्यासाठी एकच केक करून बघा. जमला की तो घेऊन बैठकीला या, आणि येताना हिशेबाची वही आणायला विसरू नका.