पूक्कोची मूठ

रानात राहून हाताने करावयाच्या कामांना बुशक्राफ्ट म्हणतात. सरपण फोडणे, जाळ धरावा म्हणून लाकडाच्या पातळ ढलप्या काढणे, खुंट्या तासणे, चमचा कोरणे, मासा साफ करणे ही सारी कामे तेथे एकाच सुरीवर पडतात, त्यामुळे ती सुरी दिसायला भारदस्त असण्यापेक्षा तासन्‌तास हातात धरता येणारी असावी लागते. फिनलंडची पूक्को ही या प्रकारातील जुनी आणि आजही वापरात असलेली सुरी असून तिचे पाते बहुधा मुठीइतकेच लांब, म्हणजे नऊ-दहा सेंटीमीटरचे असते.

पाते साधारणतः एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाचे करतात. ते घडवून वा कानशीने तासून आकारात आणल्यावर त्याला पाणी द्यावे लागते, म्हणजेच तापवून एकदम थंड करावे लागते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून पाते कोमट तेलात बुडवले की ते इतके कठीण होते की कानस त्यावरून नुसती घसरते. मात्र या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असल्याने दोनशे अंशांच्या सुमारास तास-दोन तास पुन्हा तापवून त्याचा ताठा कमी करतात, आणि घासलेल्या पृष्ठभागावर फिकट पिवळी छटा उमटली की ते जमले असे समजतात. धारेचा उतार पात्याच्या मध्याजवळून थेट धारेपर्यंत एकसलग सपाट ठेवलेला असतो. तो पुरता दगडावर टेकवला की धारेचा कोन आपोआप साधतो.

पोलादाच्या जातींवर हौशी मंडळी हिरिरीने वाद घालतात, पण हाताला फोड येणार की नाही हे ठरवते ती मूठ. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी अरुंद ठेवली तर थंडगार धातू तळहाताला लागत नाही, ही गोष्ट उत्तरेच्या हिवाळ्यात किरकोळ नव्हे. याउलट शेपटी मुठीइतकीच रुंद ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटने बसवल्या तर सुरी अधिक भक्कम होते, आणि पात्याच्या पाठीवर दांडका हाणून लाकूड फोडणाऱ्याने तीच पसंत करावी.

पूक्कोच्या मुठीसाठी सर्वांत उत्तम साहित्य कदाचित भूर्जाची साल हेच असावे. ज्या हिमालयी वृक्षाच्या सालीवर भारतात पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच प्रजातीतील हे उत्तरेकडचे झाड होय. उन्हाळ्याच्या प्रारंभी झाडात रस चढला की बाहेरची साल सहज सुटते. आतला थर दुखावू न देता ती काढावी लागते, नाहीतर झाडाला इजा होते. सालीचे चौकोनी तुकडे मधोमध भोक पाडून शेपटीत एकावर एक ओवतात, ती चळत घट्ट दाबतात, टोकाला धातूची चकती घालून शेपटीचे टोक ठोकून पसरवतात आणि मग कानशीने मुठीला आकार देतात. अशी मूठ कडाक्याच्या थंडीतही गार लागत नाही, ओली झाली तरी निसटत नाही आणि सहसा कुजत नाही. गुंतागुंतीच्या रेषांचे विसाकोइवु हे भूर्जाचेच लाकूड अधिक देखणे, रेनडिअरचे शिंग त्याहून टिकाऊ. पण शिंग गुळगुळीत केले की ओल्या हातात घसरते आणि त्याचा गाभा सच्छिद्र असतो.

महाराष्ट्रातील कारागिराला शिसव हाताशी असते. ते घट्ट आणि टिकाऊ असले तरी अंगच्या तेलकटपणामुळे चिकटवणीला दाद देत नाही, म्हणून जोडण्यापूर्वी ते अ‍ॅसिटोनने पुसतात; त्याचा भुसा त्वचेला व फुप्फुसांना बाधतो, तेव्हा घासताना मुखपट्टी हवीच. कोणतेही लाकूड पुरते वाळलेले नसेल तर बसवल्यावर आकसते आणि मूठ डुगडुगू लागते. कापडाचे थर राळेत भिजवून दाबलेल्या मायकार्टाला ही भीती नाही, आणि ते फार चकचकीत केले नाही तर ओलेपणी पकडही चांगली देते. मात्र त्यात लाकडाची ऊब नाही.

तयार लाकडी मुठीला व्हार्निशऐवजी जवसाचे तेल मुरवणे बरे, कारण व्हार्निशचा थर हात घसरवतो आणि कालांतराने सुटतो. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेटूही शकतात, म्हणून त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.