पद्मिनीच्या गाद्या घरी शिवताना

जुन्या प्रीमियर पद्मिनीची पुढची सीट म्हणजे या दरवाजापासून त्या दरवाजापर्यंतचा सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्याने मध्ये काही आड येत नाही. इटलीच्या फियाट ११००-डीवर बेतलेली ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार होऊ लागली. सुरुवातीला ती फियाट ११०० डिलाइट होती, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही धावतात. त्यांची इंजिने सहसा ठणठणीत असतात. हाल झालेले असतात ते गाद्यांचे.

हे काम घरी करता येते, कारण त्या काळच्या सीटची रचना सरळ आहे. आजच्या गाडीच्या सीटमध्ये एअरबॅग, सेन्सर आणि साच्यात ओतलेला फोम असतो. तिला हौसेने हात लावणे धोक्याचे. जुन्या सीटमध्ये तळाशी लोखंडी सांगाडा, त्यात स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट किंवा जाड कापड, त्यावर काथ्या, कापूस किंवा फोमचा थर आणि सर्वांत वर रेक्झिन. बहुतेक मालक पाहतात ते फक्त हे शेवटचे रेक्झिन. नवे रेक्झिन घालूनही सीट खड्ड्यासारखी बसते, वर्षभरात शिवण उसवते, तेव्हा दोष कापडाचा नसतो. खालचे थर तसेच ठेवलेले असतात.

सीट काढताना पुढचा बाक रुळांसकट निघतो. रुळांचे बोल्ट जमिनीच्या पत्र्यात बसलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या ओलीने अडकतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. जोर लावून बोल्ट तोडला, तर अर्धा दिवस त्यातच जातो. मागच्या सीटची बैठक बहुतेक जुन्या गाड्यांत पुढची कड उचलून ओढली की सुटते. पाठ मात्र खालच्या बाजूला पत्र्याच्या दुमडलेल्या पट्ट्यांनी किंवा स्क्रूने धरलेली असते. सीट बाहेर आल्यावर खालचा पत्रा तपासून घ्यावा. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीत गालिच्याखाली गंज हमखास सापडतो, आणि तो दुरुस्त करायला याहून चांगली वेळ मिळत नाही.

उसवण्याचे काम सगळ्यांत कंटाळवाणे आणि सगळ्यांत महत्त्वाचे. कव्हर सांगाड्याला तारेच्या छोट्या कड्यांनी अडकवलेले असते. या कड्या कटरने तोडता येतात, पण त्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो काढावा: कडी कुठे आहे, कापड कुठे दुमडले आहे, शिवणीतून जाणारी तार कुठल्या खाचेत बसते. मग कव्हर सोडवून त्याचे टाके ब्लेडने एकेक करून उसवावेत आणि प्रत्येक तुकड्यावर मार्करने लिहावे: बैठक-मधला, बैठक-डावी कड, पाठ-वरचा. बाणाने पुढची दिशाही दाखवावी. जुने कव्हर हाच नव्याचा नकाशा असतो. ते कितीही फाटलेले असले तरी नवे गाडीत बसेपर्यंत टाकू नये. फक्त एक भान हवे. चाळीस वर्षे ताणून बसलेले रेक्झिन मूळ मापाचे राहत नाही. म्हणून उसवलेला तुकडा तसाच नव्या कापडावर ठेवून कापण्यापेक्षा आधी जाड कागदावर उतरवावा, डावी-उजवी बाजू एकमेकांवर ठेवून समान करावी आणि समोरासमोरच्या कडांवर जुळणीच्या खुणा कराव्यात. या खुणांशिवाय वळणाची शिवण कधीच नीट जुळत नाही.

सांगाडा उघडा पडल्यावर तारेच्या ब्रशने गंज काढायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि वर काळा रंग लावायचा. स्प्रिंगा एकेक दाबून पाहाव्यात. तुटलेली असेल तर बदलावी. आपापल्या जागेवरून सरकलेल्या असतील तर मजबूत सुतळीने सांगाड्याला आणि एकमेकींना बांधून घ्याव्यात. वेल्डिंग लागणार असेल, तर ते गाडीपासून दूर, सर्व कापड आणि फोम काढून झाल्यावरच करून घ्यावे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याच्या जागा माहीतगारांना ठाऊक असतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात, पुण्यात नाना पेठेत शोधले, तर अखंड सांगाडाही हाती लागू शकतो.

स्प्रिंगांवर गोणपाटाचा नवा थर घालणे बरेच जण टाळतात, आणि तिथेच काम फसते. फोम थेट स्प्रिंगांवर ठेवला तर तारा त्यात रुततात, तो हळूहळू कापत जातात आणि सीटखाली पिवळा भुसा पडू लागतो. गोणपाट ताणून कड्यांनी सांगाड्याला बांधावे आणि त्यावर पातळ, घट्ट काथ्याची शीट ठेवावी. रबर मारलेल्या काथ्याची शीट गादी-फोमच्या मोठ्या दुकानांत मिळते. तिच्यावर फोम.

फोम जाडी पाहून नव्हे, घनता पाहून घ्यावा. दुकानदार बोटाने दाबून दाखवतो, पण बोटाला घट्ट लागणारा हलका फोम वर्षभरात बसतो. बैठकीसाठी दर घनमीटरला ४० किलोच्या आसपासची घनता मागावी. पाठीवर वजन कमी येत असल्याने तिथे त्याहून हलका, २८ ते ३२ किलोचा चालतो. बैठकीच्या पुढच्या कडेला, जिथे चढउतार करताना मांडी घासते, तिथे जास्त घट्ट फोमची पट्टी घालावी. चिकटवण्यासाठी रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांवर लावून थोडे सुकू द्यावे आणि मग जोडावे. त्याची वाफ डोक्यात जाते आणि ती पेटही घेते. बंद खोलीत किंवा पेटत्या शेगडीजवळ हे काम करू नये.

कापडाचा प्रश्न निम्मा आवडीचा आहे. मूळ गाडीत साधे रेक्झिन होते. तिला चामडे लावणे ही मालकाची मर्जी, पण त्याने ती जास्त जुनी वाटत नाही, फक्त जास्त महाग वाटते. शिवाय चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचे राहते, त्यामुळे पहिल्यांदाच शिवणाऱ्याला चूक उसवून सुधारता येत नाही. सोफ्यासाठीचे रेक्झिन घेऊ नये. गाडीत ऊन थेट काचेतून येते. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि कापड तडकू लागते. गाड्यांसाठीचे रेक्झिन हे ऊन गृहीत धरून बनवलेले असते, आणि गाडीच्या आतल्या कापडाच्या ज्वलनशीलतेसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १५०६१. रेक्झिन या मानकात बसते का, हे दुकानात जरूर विचारावे. रोल साधारण ५४ इंच रुंदीचा असतो. पुढची-मागची सीट आणि दरवाजांचे पॅड यांचे कापड एकाच वेळी, एकाच रोलमधून घ्यावे. महिन्याभराने तोच रंग नेमका तसाच मिळत नाही.

शिवणकाम घरच्या मशीनवर करण्याचा मोह आवरावा. रेक्झिनचे चार थर आणि पायपिंग एकत्र आले की तिची सुई वाकते किंवा टाके सुटतात. वरचा पाय आणि सुई कापडाबरोबर पुढे सरकतात अशी, चामडे-बॅगा शिवणारी जड मशीन लागते. ती भाड्याने मिळाली तर उत्तम. नाही तर खुणा करून कापलेले तुकडे शिवणाऱ्याकडे नेण्यात कमीपणा नाही. काम तरीही घरचेच राहते, कारण कापणे आणि चढवणे या दोन्ही कठीण गोष्टी आपणच केलेल्या असतात. सुई १६ ते १८ नंबरची, दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा घाम आणि ओलीने कुजतो. टाका मोठा, इंचाला पाच-सहा इतकाच ठेवावा. बारीक टाका मजबूत असतो हा समज साध्या कपड्यांना लागू पडतो, रेक्झिनला नाही. त्यात जवळजवळ भोके पडली की ते त्या रेषेवर फाटते. पट्ट्यापट्ट्यांचा मधला भाग आधी पातळ फोमवर शिवून घ्यावा आणि मगच त्याचे माप कापावे, कारण प्रत्येक शिवणीबरोबर कापड थोडे आखडते. पायपिंग शेवटी जोडायचे. वळणावर त्याच्या दाबाला कातरीने छोटे छेद द्यावेत, म्हणजे कोपरा फुगत नाही.

कव्हर चढवण्याच्या दिवशी ऊन हवे. शिवलेले रेक्झिन तासभर उन्हात ठेवले की ते मऊ पडते आणि ताणले जाते; पावसाळ्यात हेअर ड्रायरवर भागते, मात्र तो एका जागी धरू नये. फोमवर प्लास्टिकची पातळ पिशवी पसरली की कव्हर सहज सरकते, नंतर ती ओढून काढता येते. आधी मधली पट्टी जुळवावी, मग चार कोपरे, मग कडा. कड्या लावण्यासाठी खास पक्कड मिळते. साध्या पकडीने लावलेल्या कड्या नंतर सुटतात. पहिल्या फेरीत एक-दोन हातांच्या अंतरावर कड्या लावून सीट उलटी करून पाहावी, सुरकुत्या कुठून येतात ते समजून घ्यावे आणि मगच बाकीच्या भराव्यात. सुरकुती खेचून मोडण्यापेक्षा तिच्या जागी फोमचा पातळ तुकडा घालून खालून भरणे बरे.

कव्हराची देखभाल सोपी आहे: ओल्या फडक्याने पुसणे, डाग पडला तर सौम्य साबण, आणि शक्यतो सावलीत गाडी ठेवणे. चकाकी आणणारे तेलकट पॉलिश रेक्झिनला चिकट करते आणि धूळ धरते. नव्या गादीवर दुकानातून आलेले प्लास्टिक तसेच ठेवून बसण्याची आपल्याकडची सवय इथे नुकसान करते. खाली अडकलेली वाफ पहिल्याच पावसाळ्यात शिवणीत बुरशी धरते आणि खालच्या रंगवलेल्या सांगाड्याला पुन्हा गंज चढू लागतो.